देवळी रस्त्यावरचा खंजिरीवाल्याचा ओटा

पांदणीच्या तोंडाशी आलेल्या माणसाला देवळीकडून येणारी गाडी वेळेत दिसते की नाही? या एकाच प्रश्नाचे उत्तर मला हवे होते.

पांदण म्हणजे शेतांमधून येणारी कच्ची वाट. ती जिथे डांबरी रस्त्याला मिळते, तिथे माझा मुलगा ट्रकखाली गेला. तो आमच्या नालवाडी गावच्या भजनी मंडळात खंजिरी वाजवत असे. मंडळाने पांदणीतून येताना उजव्या, म्हणजे देवळीकडच्या, कोपऱ्यावर त्याच्या नावाचा ओटा बांधला. मागे टिनाची भिंत उभारून तिच्यावर, पांदणीकडे तोंड करून, खंजिरी उंचावलेला त्याचा मोठा फोटो लावला. कडेची कण्हेर मी लावली.

दर गुरुवारी मी नालवाडीहून तिथे जाते. अशाच एका गुरुवारी ओटा पुसत असताना पांदणीतून एक मोटारसायकल आली. मागे बाई, तिच्या मांडीवर लेकरू. पुढचे चाक डांबरावर आले आणि भिंतीआडून एकदम ट्रक निघाला. ब्रेक करकचले. ट्रक निघून गेला. लेकरू रडू लागले.

"कोन्या शहान्यानं बांधलं व हे इथं?" तो माणूस माझ्यावर ओरडला. "काहीच दिसून नाई राह्यलं!"

"चूप बसा न," बाई म्हणाली. "त्यायचं कोनी असन ते."

ते गेल्यावर मी माझी स्कूटी पांदणीच्या तोंडाशी उभी केली, सीटवर बसले आणि उजवीकडे पाहिले. मला मुलाचा चेहरा दिसला. रस्ता दिसला नाही. थोडे मागे घेऊन पाहिले, पुढे घेऊन पाहिले. चाक डांबरावर गेल्याशिवाय येणारी गाडी दिसतच नाही.

कण्हेर मी त्याच दुपारी विळ्याने कापली. भिंत माझ्याने हलेना. मग मंडळाच्या बुवांकडे गेले. माझ्या मुलाला खंजिरी त्यांनीच शिकवली होती.

"ओटा मागे, वावरात घ्या. पांदणीतून येणारी गाडी दिसत नाही," मी म्हणाले.

"जीव तिथं गेला त्याचा, बाई. वावरात काऊन न्याचा? माय असून असं म्हनता?" बुवांचे डोळे भरले. "घरी जाऊन आराम करजा."

तेव्हापासून गावात सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलतात. दुःखाने बाईंचे डोके फिरले, असा त्यांचा समज आहे. मी पुन्हा पुन्हा जाते, पाया पडते, हात जोडते. मला चहा देतात आणि विषय बदलतात.

अपघात झाला तेव्हा त्या कोपऱ्यावर काहीही नव्हते. तरी माझ्या मुलाला तो ट्रक का दिसला नाही, हे मला कधीच कळणार नाही. तो प्रश्न मला झोपू देत नाही, आणि त्याला उत्तरही नाही. येणारी गाडी दिसते की नाही, या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर आहे. पण ते आईने काढलेले आहे, म्हणून कोणी धरत नाही. रोज त्या पांदणीतून लेकरे शाळेत जातात.

माझ्या सांगण्यावर विसंबू नका. त्या बाजूला गेलात, तर पांदणीच्या तोंडाशी गाडी थांबवा, सीटवरूनच उजवीकडे पाहा, आणि जे दिसेल ते बुवांना सांगा.