दादाचा पंचावन्न हजारांचा खेळ

वहिनी जाऊन पाच महिने झाले होते, तेव्हा नांदेडहून आईचा फोन आला.

"तुझ्या दादानं टीव्हीला जोडायचा खेळ आणलाय. पंचावन्न हजाराचा! कॉलेजातून आला की खेळूनच राहिलाय. कुणाशी बोलणं न्हाई, काही न्हाई. तू ये बाई."

दादा फिजिक्सचा प्राध्यापक, वय चव्वेचाळीस. साधे पत्तेही कधी खेळला नव्हता. शनिवारी माझी लातूरची शाळा सुटल्यावर मी तशीच बसमध्ये बसले. अहमदपूर, लोहा मागे पडेपर्यंत त्याला काय काय सुनावायचं, याचीच मनात उजळणी चालली होती.

घरात शिरले तर दादा टीव्हीसमोर सतरंजीवर बसलेला. दाढी वाढलेली. मी पिशवीही खाली ठेवली नव्हती.

"दादा, एवढ्या पैशात आईच्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली असती."

"तिची तारीख घेतलीय पुढच्या महिन्यातली," तो शांतपणे म्हणाला. "बस."

मी बसले. त्याच्याजवळ दोन कंट्रोलर होते. एक खोक्यात मिळतो, दुसरा वेगळा विकत घ्यावा लागतो, हे मला त्यानंच सांगितलं.

"मग दुसरा कशाला घेतलास? खेळणार कोण?"

दुसरा कंट्रोलर त्यानं माझ्या हातात दिला. पडद्यावर दोन माणसं एका दोरीनं बांधलेली होती आणि त्यांना डोंगर चढायचा होता. माझा माणूस सारखा घसरायचा. दर वेळी दादाचा माणूस थांबायचा, मला वर ओढून घ्यायचा. आम्ही बराच वेळ तसेच खेळत राहिलो. मग पडद्यावरून नजर न काढता दादा बोलू लागला.

"तुझ्या वहिनीला डायलिसिसला चार-चार तास लागायचे. एक हात हलवायचा नाही. ती दुसऱ्या हातानं मोबाइलवर काहीतरी खेळायची. म्हणायची, अहो, हा दोघांचा खेळ आहे, तुम्ही पण या ना. मी पेपर तपासत बसायचो. म्हणायचो, नंतर."

त्याचा माणूस कड्यावर थांबला होता.

"दोन वर्षं म्हणायची. दोन वर्षं मी नंतर म्हणालो."

आणि तो रडला. अंत्यविधीला, नंतर पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला, एवढे नातेवाईक जमले तेव्हाही त्याच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. मी तिला हातानंच थांब म्हटलं. बसमध्ये जुळवलेलं एकही वाक्य मला आठवेना.

त्यानंतर वर्षभर मी महिन्यातून एकदा तरी जायचे. आम्ही तो डोंगर पुरा केला, दुसरे दोन खेळही संपवले. दादा थोडा बोलता झाला. पूर्वीसारखा मात्र नाही झाला, होणारही नाही.

मागच्या आठवड्यात शाळेतल्या एका सरांनी विचारलं, "मॅडम, मी चाळिशीचा माणूस. एवढा महागडा गेम घ्यावा का हो?"

मी गणिताची बाई. पण किमतीचा हिशेब मी मांडला नाही. एवढंच विचारलं, "सर, घरी खेळायला कोण आहे?"

"बायको म्हणते, मला शिकवा."

"मग आजच शिकवा," मी म्हटलं. "मोबाइलवर शिकवा, नाहीतर पत्ते शिकवा. विकत काय घ्यायचं ते मागून ठरवा."