सोमवारचा फळा

आमच्या धाराशिवच्या इंजिनिअरिंग कॉलेजात सगळ्या सूचना मोबाईलवर यायच्या, अगदी परीक्षेचं वेळापत्रकसुद्धा. ग्रंथालयाच्या बातम्या मात्र दर सोमवारी ग्रंथालयाच्या दारातल्या काळ्या फळ्यावर खडूनं लिहिलेल्या असायच्या. लिहिणारे आमचे ग्रंथपाल सर. येरमाळ्याचे, निवृत्तीला दोनच वर्षं उरलेली. ओल्या फडक्यानं फळा पुसायचे आणि तो पुरता वाळेपर्यंत खडू हातात धरून उभे राहायचे. मग लिहायचे, 'भूकंपरोधक बांधकामावर तीन नवी पुस्तकं आली आहेत. एक मी चाळलं. आकृत्या फार चांगल्या आहेत.'

आम्ही हसायचो. मी जरा जास्तच हसायचे, कारण माझी जीभ लहानपणापासूनच सैल. आकृती उलटी धरली तरी सरांना कळणार नाही, असं मी कँटीनमध्ये म्हटलेलं मला आठवतं. ते खरंही होतं. सर इतिहासाचे पदवीधर. पण कोणत्या विषयाचं कोणतं पुस्तक कुठल्या कपाटात आहे आणि ते गेले चार महिने कोण दाबून बसलंय, हे त्यांना तोंडपाठ असायचं. बसस्टँडवर भेटले तरी 'जेवलीस का' असं विचारायचे नाहीत, 'ग्रंथालयाचं लॉगिन झालं का तुझं?' असं विचारायचे.

फळ्याचं कारण त्यांनी एकदा सांगितलं होतं. त्यांच्या वस्तीत बुद्धविहारात एकच वर्तमानपत्र यायचं. ज्याला वाचता येतं त्यानं मोठ्यानं वाचायचं आणि बाकीच्यांनी भोवती बसून ऐकायचं, अशी पद्धत. सर चौथीत असल्यापासून वाचणारे. "आपण वाचलं आन् दुसऱ्याला सांगितलं न्हाय, तर मला जेवण पचल्यावानी वाटत न्हाय," म्हणाले. त्यानंतर मी फळ्याला हसणं बंद केलं.

मी शेवटच्या वर्षाला असताना त्या फळ्यावर एवढी मोठी अक्षरं आली की ती जिन्यावरूनच वाचता यायची. जगभरातले शोधनिबंध आता आपल्या ग्रंथालयाच्या कॉम्प्युटरवर वाचायला मिळणार होते. सर कितीतरी वर्षं त्यासाठी अर्ज करत होते. शेवटी महिनाभराची चाचणी मंजूर झाली होती. प्राचार्यांनी बजावलं होतं, महिना नीट गेला आणि मुलांनी वापर केला, तरच पुढं घेऊ. त्या दिवशी सरांनी नवा शर्ट घातला होता, हे मला नीट आठवतं.

त्या निबंधांची मला गरज होती. मी ढोकीची. साखर कारखान्याच्या धुराड्यातून पडणारी राख आमच्या अंगणातल्या वाळत घातलेल्या कपड्यांवर बसायची आणि आई कारखान्याचा उद्धार करत ते कपडे पुन्हा धुवायची. तीच उसाच्या चिपाडाची राख थोड्या सिमेंटऐवजी काँक्रीटमध्ये घालून बघायची, हा माझा प्रोजेक्ट. किती घालायची, आधी चाळायची की पुन्हा जाळायची, हे आमच्याकडं कुणालाच नक्की ठाऊक नव्हतं. पहिल्याच दिवशी मी शोधायला बसले आणि पडद्यावर ब्राझीलचे, थायलंडचे निबंध आले. आईनं आयुष्यभर शिव्या घातलेल्या त्या राखेवर तिकडची माणसं मन लावून काम करत होती. मला इतका आनंद झाला की मी शेजारच्या मुलीचा हात घट्ट धरला. तिला काहीच कळलं नाही.

आणि मग मी घाण केली.

आमच्याकडं नळ आठवड्याला एकदा येतो. नळ आला की हातातलं काम टाकून पळायचं. पिंप, हंडे, कळशा, बादल्या, सगळं भरायचं. गरज किती, हे कुणी विचारत नाही. सगळं भरून झालं तरी आई शेवटी तांब्या घेऊन नळाखाली बसायची. मी अशा घरात वाढलेली. महिनाभराची चाचणी हे शब्द वाचल्यावर माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली. गुरुवारी दुपारी ग्रंथालयात गर्दी नव्हती. मी पेनड्राइव्ह लावला आणि भरायला सुरुवात केली. आधी राख, मग सिमेंट, मग पूल, धरणं, रस्ते. घरी दोन पाइप लावायचो तसे दोन कॉम्प्युटर लावले. शेवटी बोगद्यांवरचे निबंधही घेतले. आमच्या प्रोजेक्टचा आणि बोगद्याचा काही म्हणता काही संबंध नव्हता.

शुक्रवारी सकाळी सगळ्याच कॉम्प्युटरवर एकच ओळ. प्रवेश बंद. सरांना निबंध पुरवणाऱ्या कंपनीचा मेल आला होता. तुमच्या कॉलेजातून कुणीतरी एका दुपारीत बेसुमार निबंध उतरवून घेतले आहेत, हा चोरीचा प्रकार वाटतो, खुलासा येईपर्यंत पूर्ण कॉलेजची सोय बंद. प्राचार्य ग्रंथालयात आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "म्हणूनच मी इतकी वर्षं नको म्हणत होतो." सरांनी मान खाली घालून टेबलावरची पुस्तकं विनाकारण सरळ केली.

मैत्रिणी म्हणाल्या, गप बस, आपोआप मिटेल. मी गप्प बसले. एक दिवस. त्या दिवसाची मला अजून लाज वाटते.

शनिवारी मी ग्रंथालयाकडं गेले तर सर फडकं घेऊन फळ्यासमोर उभे होते. ती मोठी अक्षरं पुसायला त्यांनी हात वर केला, पहिलं अक्षर पुसलं आणि हात तसाच खाली घेतला. मला ते बघवलं नाही.

"सर, ते मी केलं."

"काय केलंस?"

"निबंध. लई घेतले. पेनड्राइव्ह भरला."

ते वळले. "वाचलेस किती त्यातले?"

"एक बी न्हाय."

"मग घेतलेस कशाला, बाई?"

"बंद झालं तर म्हणून."

त्यांनी भलतंच विचारलं. "तुमच्याकडं नळ आला की काय काय भरता गं?"

"सगळं भरतो, सर. तांब्यासुद्धा."

सर हसले. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा हसले. मी शिव्या खायच्या तयारीनं गेले होते, त्यामुळं मला रडू फुटलं.

"रडू नको. बस हितं आन् खुलासा लिही," ते म्हणाले. "विंग्रजी तुझं बरं हाय."

मी दोन पानं क्षमा मागितली. सरांनी त्यातलं निम्मं खोडलं आणि म्हणाले, "आता लिही. आमच्या गावात पाणी आठवड्याला एकदा येतं. आलं की आम्ही असतील नसतील तेवढी भांडी भरतो. या मुलीनं तुमचे निबंध तसे भरले. विकले नाहीत, कुणाला दिले नाहीत. आता पुसून टाकले आहेत."

मला ते आवडलं नाही. "सर, आपली पाण्याची लाज त्यांना कशाला सांगायची?"

"लाज कशाची त्यात? खरं हाय ते लिहायचं."

मी लिहिलं. त्यांच्यासमोर पेनड्राइव्ह पूर्ण रिकामा केला. प्राचार्यांची सही आणायला सर स्वतः गेले आणि मला बाहेर उभं केलं. आतून प्राचार्यांचा चढलेला आवाज येत होता. सर बाहेर आले तेव्हा कागदावर सही होती. माझं नाव आत निघालं की नाही, हे मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. शिक्षा मात्र दिली. चालू झालं की रोज एक निबंध वाचायचा आणि त्यांना मराठीत सांगायचा.

बुधवारी उत्तर आलं. सोय पुन्हा चालू केली होती. लिहिणाऱ्या माणसानं शेवटी विचारलं होतं की उन्हाळ्यात तरी पाणी रोज येतं का. सरांनी त्यालाही उत्तर धाडलं, उन्हाळ्यात तर विचारूच नका.

पुढच्या सोमवारी फळ्यावर पहिली ओळ होती, 'घाई करू नका. उद्याही वाचता येईल.' आणि खाली माझी शिक्षा. 'ब्राझीलमध्ये उसाच्या चिपाडाची राख बारीक दळून काँक्रीटमध्ये घालतात. आपल्या ढोकीची राखही तशीच करून बघता येईल.' सर मला तीन तीनदा प्रश्न विचारायचे. त्यांना कळेपर्यंत मला सुटका नसायची आणि त्यांना कळेल असं सांगता सांगता ते मला पहिल्यांदा नीट कळायचं. एवढं मन लावून ऐकणारा माणूस मला त्याआधी भेटला नव्हता. पुढं फळ्यापाशी गर्दी होऊ लागली. एकदा आमचे काँक्रीटचे मास्तरही वहीत उतरवून घेताना दिसले.

चाचणीचा शेवटचा दिवस सोमवारी आला. पुढं घ्यायचं की नाही, हे प्राचार्यांनी सांगितलं नव्हतं. कॉलेज सुटायची वेळ झाली. माझा त्या दिवसाचा निबंध निम्माच वाचून झाला होता आणि राख किती तापवायची तो आकडा नेमका उरलेल्या भागात होता. सर दोनदा येऊन गेले. तिसऱ्यांदा आले ते त्यांच्या टेबलातला एक पेनड्राइव्ह घेऊन. माझ्यासमोर ठेवला आणि हळूच म्हणाले, "एवढा एक घेऊन ठेव, बाळ. उद्याचं काय सांगावं."

फळ्यावर ती ओळ लिहिणारा माणूस हे म्हणत होता. माझे हात शिवशिवले, खोटं कशाला बोलू? पण मी कॉम्प्युटर बंद केला आणि पेनड्राइव्ह त्यांच्याकडं सरकवला.

"राहू द्या, सर. उद्या येते की."

दुसऱ्या दिवशी मी पहिल्या तासाला न जाता सरळ ग्रंथालय गाठलं. मंगळवार होता. फळा ओला होता आणि सर खडू हातात धरून तो वाळायची वाट बघत उभे होते.

"जा आत," म्हणाले. "चालू हाय. ऱ्हायलेला निम्मा वाच आन् मला सांग."