लसूण काळी पडली नाही

"मशरूम खाया क्या? बाहर का?" डॉक्टर मॅडमनी विचारलं.

मी म्हटलं, "हां मॅडम, आप के लिए भी डब्बा लाऊं?"

कुणी हसलं नाही. माझ्या जोकवर न हसणारे लोक मी भरपूर बघितलेत, पण मॅडमनी हातातला पेन खाली ठेवला तेव्हा मीच हसणं आवरलं. म्हणाल्या, "पॉयझनिंग है. दोनों का लिवर देखना पड़ेगा."

दोघं म्हणजे मी आणि बाजूच्या बेडवरचे दिनूकाका. सख्खे काका नाहीत. आमच्या तालुक्यातले, इथे दुबईत अल क्वोजच्या लेबर कॅम्पात माझ्या खालच्या बंकवर झोपणारे. मी एसीवाला, ते गार्डनवाले. व्हिलांच्या लॉनला पाणी देणं हे त्यांचं काम.

मार्चमध्ये इथे पाऊस पडला. मग एका लॉनच्या कडेला पांढऱ्या छत्र्या उगवल्या. काका पिशवी भरून घेऊन आले. तोंडभर हसत म्हणाले, "झिला, अळंबी गावली!"

मी म्हटलं, "काका, इथे वारूळ कुठाय? ही स्प्रिंकलरची अळंबी." गावाला ती वारुळावर येते, हे शेंबड्या पोरालाही माहिती.

काकांनी कांद्याबरोबर लसणीच्या अख्ख्या पाकळ्या टाकल्या. आमच्याकडे हीच टेस्ट. लसूण काळी पडली तर अळंबी विषारी, टाकून द्यायची. काकांनी पळीवर पाकळी काढून माझ्या नाकासमोर धरली. "बघ, पांढरीफटक आसा. खा आता गुमान."

लसणीला विष कळत नाही, हे मला मॅडमनी नंतर सांगितलं. शिजवूनही ते जात नाही.

दुपारी जेवलो. माझी अर्धी भाकरी झाली आणि सुपरवायझरचा फोन आला, "यल्ला यल्ला, जल्दी आ, एसी बंद है." मी ताट ठेवून पळालो. माझ्या वाट्याचं काकांनी संपवलं. संध्याकाळभर दोघंही ठणठणीत. पोट बिघडलं ते पहाटे. उलट्या, जुलाब, पाण्यासारखे. आम्हाला वाटलं, मेसचं पाणी.

हे वाचणाऱ्यांनो, नीट ऐका. मॅडम म्हणाल्या, खाल्ल्याबरोबर उलटी झाली तर बरेचदा थोडक्यात निभावतं. उशिरा झाली तर जास्त घाबरायचं. या विषाचं नाव अमाटॉक्सिन. ते गुपचूप लिवरमध्ये जाऊन बसतं आणि आतून काम करतं.

रोज रक्त काढायचे. लिवर एन्झाइम्स, म्हणजे लिवर तुटायला लागलं की रक्तात जे वाढतं ते. माझे वाढले आणि थांबले. काकांचे वाढतच गेले.

पण मधे एक दिवस आला, तो सगळ्यात वाईट. त्या दिवशी काका एकदम बरे झाले. उलट्या बंद. उठून बसले, चहा मागितला. मी मॅडमची नक्कल केली, सलाईन लावणाऱ्या ब्रदरची केली, मग खुद्द काकांची केली. ते पोट धरून हसले. म्हणाले, "मेल्या, माझ्यापेक्षा तूच जास्त दिनू वाटतस." मी मॅडमना विचारलं, "कल छुट्टी?" त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "ये अच्छा लगना झूठा है, बेटा."

दुसऱ्या दिवशी काकांचे डोळे पिवळे. मग मला ओळखेनात, मलाच सुपरवायझर समजून "सर, पाणी देऊन झालं" म्हणायला लागले. याला एन्केफॅलोपथी म्हणतात. लिवर रक्त साफ करत नाही, घाण मेंदूत जाते. मग आयसीयू. लिवर बदलायची गोष्ट निघाली, पण त्यांना तेवढा वेळच नव्हता.

मला वॉर्डातून सोडलं. मी आयसीयूबाहेरच्या खुर्चीवर बसायला लागलो. गावाहून काकांच्या भावाचा फोन आला. "बाळ्या, वहिनी जेवत नाही. एकदा आवाज ऐकायचाय म्हणते. तू काढतोस ना दादाचा हुबेहूब? दोन शब्द बोल, तिला काय कळतंय."

त्यांनी फोन काकींकडे दिला. मला जमलं असतं. घसा खाकरला पण होता. तिकडून काकी म्हणाल्या, "अहो?"

मी म्हटलं, "काकी, मी बाळ्या. काका बोलू शकत नाहीत. खूप सिरियस आहेत."

त्या रडल्या नाहीत. मीच रडलो.

दोन दिवसांनी मॅडम बाहेर आल्या. त्यांचा चेहरा बघून मी उभा राहिलो. त्या मला घेऊन खाली बसल्या, बराच वेळ. त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही. त्यांची नक्कल आता मी करत नाही. सुपरवायझरची करतो, पण जरा हात आखडून. त्याच्या फोनमुळे मी जिवंत आहे.

तुम्हाला कुठे अशी छत्री दिसली तर राहू द्या. कुणी खाल्लीच असेल तर लक्षणांची वाट बघू नका, उरलेली भाजी डब्यात घालून सरळ हॉस्पिटल गाठा. बरं वाटलं तरी घरी पळू नका.

काका पेटीतून घरी गेले. सगळं आटोपल्यावर काकींचा फोन आला. इकडचं तिकडचं विचारलं, माझ्या तब्येतीचं विचारलं. मग हळूच म्हणाल्या, "बाळ्या, भाजी चांगली झाली होती का रे?"

चवीवरून विष कळत नाही, हेही मला तिथेच समजलं होतं. पण काकींनी ते विचारलं नव्हतं.

"बोटं चाटत होते काका," मी म्हटलं.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "त्यांना फार आवडायची."