पाहुण्यांचा माठ

कुठेही चार माणसं दिसली की माझ्यातला नाटक्या जागा होतो. त्यात नोकरीही अशी, की खेळाला नवं सामान मिळतच राहतं. विद्यापीठाच्या सामायिक उपकरण केंद्रात मी तंत्र सहायक आहे. ज्या यंत्रांवर सगळ्या विभागांचा हक्क आणि ज्यांच्यावर कुणाचंच प्रेम नाही, त्यांना मी सांभाळतो. पाण्यातले धातू मोजणारं आमचं यंत्र तर भलतंच लाडावलेलं. त्याला बारा महिने थंडगार खोली लागते. मी आसनगावला घरघरणाऱ्या पंख्याखाली झोपतो. त्याच्यासमोर चपला काढून जावं लागतं. हे मी गावाकडे अशा थाटात सांगतो, की ऐकणाऱ्याला वाटावं, आत मूर्तीच बसवली आहे.

या थाटाची किंमत दुसऱ्यांनी मोजली.

माझी थोरली बहीण मुरबाड तालुक्यात वैशाखऱ्याच्या पुढे, घाटाच्या पायथ्याच्या एका पाड्यावर दिलेली. भावोजींच्या किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा ती त्यांना एसटीने कल्याणला डायलिसिसला न्यायची. पाड्यावर आणखी दोघांचं तेच दुखणं निघालं, तेव्हा डॉक्टरांनी पाणी कुठलं पिता म्हणून विचारलं. पाणी बोअरिंगच्या हातपंपाचं. पाईप सासऱ्यांच्या काळातला. बहिणीने मला विचारलं, तुझ्या यंत्रात हे पाणी घालून बघशील का. वाईट निघालं तर कागद आणा, पंचायत दुसरी सोय बघेल, असं ग्रामसेवक म्हणाले होते.

आमच्याकडे यंत्राची पाळी तीन-तीन महिने लागत नाही. मी एका प्राध्यापकांच्या हातापाया पडून त्यांच्या दिवसातली दोन नमुन्यांची जागा मिळवली आणि आम्लाने धुतलेल्या दोन बाटल्या घेऊन पाड्यावर गेलो. रात्रभर पाईपात थांबलेलं, सकाळचं पहिलं पाणी हवं होतं. मी दुपारी परतणार होतो, म्हणून भरायचं काम बहिणीवर सोपवलं. एवढंच सांगून निघालो असतो तर बरं झालं असतं. पण अंगणात माणसं जमली होती. मी बाटली उंच धरली, थंड खोलीचं वर्णन केलं, चपला काढायचा अभिनय केला आणि शेवटी म्हणालो, “गो बाय, तुझं पाणी मोठे साहेब बघणार. माझं नाक कापू नको.”

सगळे हसले. बहीणही हसली.

तीन दिवसांनी कल्याणला जाताना मुरबाडच्या स्टँडवर तिने बाटल्या माझ्या हातात दिल्या. धुतलेल्या फडक्यात बांधल्या होत्या. केंद्रात येऊन झाकण उघडतो तर दोन्ही बाटल्यांत तुळशीचं एकेक पान. नियमाने ते नमुने तिथेच बाद. पण पाळी पुन्हा कधी मिळणार? आणि खरं सांगायचं, तर मला एवढा सुंदर किस्सा मिळाला होता की नियम सुचलाच नाही. पान चिमट्यात धरून मी सगळ्या केंद्राला दाखवलं. मग पाणी गाळलं आणि यंत्राला दिलं.

अहवाल स्वच्छ आला. पिण्यास योग्य. बहिणीने तो पंचायतीत दिला, फाईल बंद झाली. भावोजी म्हणाले, “मंजे खोट आमच्यातच हाय.” पाड्यावर पंपाचा दांडा पुन्हा बिनघोर चालू लागला.

पावसाळा गेला, थंडी गेली. शिमग्याला मी पाड्यावर गेलो. भावोजी पडवीत भिंतीला टेकून होते, पाय सुजलेले. त्यांना जरा बरं वाटावं म्हणून मी तुळशीच्या पानाचा किस्सा रंगवून सांगितला. बहीण सोडून सगळे हसले.

“पान टाकनारच,” ती म्हणाली. “एवढ्या लांबून आनलेला पानी.”

मी विचारलं, लांबून म्हणजे?

“घाटातल्या झऱ्याचा. तास लागतो चढायला. तूच म्हनलास ना, साहेब लोक बघनार. त्यांना पंपाचा गंजका पानी देऊ? आमी घरात पावन्यालाबी तो देत नाय.”

पडवीत दोन माठ होते. इतकी वर्षं ते दिसत होते, पण का ते मी कधी विचारलं नव्हतं. एक घरच्यांचा, पंपाच्या पाण्याचा; एक पाहुण्यांचा, झऱ्याच्या पाण्याचा. मी भाऊ, म्हणजे पाहुणा. त्या घरात इतकी वर्षं मी पाणी प्यायलो आणि पंपाची चव मला ठाऊकच नव्हती.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी स्वतः पंपावर गेलो आणि बाटली भरली. मग पाळीची वाट बघत बसलो. मधे यंत्राचा एक भाग बिघडला, तो यायला वेळ लागला. अहवाल हातात आला तेव्हा भावोजींना जाऊन नऊ दिवस झाले होते. पाण्यात शिसं होतं, असायला हवं त्याच्या कितीतरी पट.

मी तो बाराव्याला घेऊन गेलो. बहिणीने कागद उलटासुलटा करून पाहिला.

“त्यानंच गेले का रे?”

डॉक्टर म्हणाले होते की तसं खात्रीने सांगता येत नाही. यंत्र पाणी मोजतं, माणूस मोजत नाही. मी म्हणालो, “माहीत नाय.”

कागदाची घडी घालत ती म्हणाली, “उन्हात तासभर चढले होते रे मी.”

पहिला अहवाल रद्द करायला केंद्राचा एक छापील अर्ज भरावा लागतो. चूक कशामुळे झाली, या रकान्यात मी लिहिलं : नमुना घेणाऱ्यास सूचना नीट दिल्या नाहीत. खाली सही केली. नाटक केलं, असं लिहायला त्यात जागा नव्हती.

आता पंपाच्या दांड्याला साखळी आहे. दोन दिवसांआड टँकर येतो, कधी येत नाही. ज्या दिवशी येत नाही त्या दिवशी बायका साखळी काढतात, हे मला शेजारणीने सांगितलं. बहिणीने नाही.

मागच्या खेपेला मी पाणी मागितलं आणि स्वतःच उठून घरच्या माठाकडे गेलो. तिने माझ्या हातातला तांब्या काढून घेतला, पाहुण्यांच्या माठात बुडवला आणि माझ्यापुढे धरला.

“त्यातला तुला नको,” ती म्हणाली.

मी तिला विचारलं नाही, की मग तुला?