अबू नासिरची जागा

२०२२ साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो, परदेशात मुलाकडे राहायचो, आणि बुकित पंजांगच्या आमच्या ब्लॉकमध्ये जिना वापरणारी माणसं दोनच. एक मी, तोही लिफ्ट बंद असली तर. दुसरा अबू नासिर. लिफ्ट दारात येऊन उघडी उभी असली तरी हा आठव्या मजल्यापर्यंत पायऱ्या चढून जायचा.

पहिली भेट जिन्यातच झाली. त्या दिवशी लिफ्टची दुरुस्ती चालू होती. पाचव्या मजल्याच्या वळणावर एक गोरापान, दांडग्या हाडाचा म्हातारा पायरीवर बसलेला. छातीवर हात, कपाळ घामाने भिजलेलं, शेजारी पावाची पिशवी. मला वाटलं, हा आटोपला. मी खुणेने विचारलं, वरती कोणाला बोलावू का? तर तो स्वतःशीच अरबीत पुटपुटला, "लाकूड नाही मी, उचलून न्यायला."

मी चौथी शिकलेला गवंडी. पण एकोणीस वर्षं कुवेतमध्ये भिंती बांधल्या, तेव्हा अरबी कानाने शिकलो. मी म्हटलं, "आणखी थोडा वेळ बसलास तर लाकूडच होशील. ऊठ."

त्याने मान वर केली. परक्या मुलखात आपली भाषा ऐकून माणूस कसा बघतो ते मला ठाऊक आहे, मीही तसंच बघितलं आहे कित्येकदा. "तुला अरबी कोणी शिकवली?"

"मुकादमाने."

"कळतंय. हुकूम आणि शिव्या, दोनच येतात तुला."

त्या दिवसापासून संध्याकाळी खाली व्हॉइड डेकच्या, म्हणजे इमारतीखालच्या मोकळ्या जागेतल्या, बाकावर आमची बैठक सुरू झाली. आपल्याकडे बाईला 'गण्याची आई' म्हणतात, तसं त्यांच्याकडे बापालाही मुलाच्या नावाने ओळखतात. नासिरचा बाप म्हणून तो अबू नासिर, नासिरची आई ती उम्म नासिर. माझा मुलगा महेश, म्हणून मी झालो अबू महेश. माझ्या बापाने ठेवलेलं नाव त्याने एकदाही उच्चारलं नाही. नासिर पाया लेबार भागात इंजिनिअर, महेशही तिथेच दुसऱ्या कंपनीत. दोघेही बापांना इथे घेऊन आले, ते प्रेमानेच. त्याबद्दल आमची तक्रार नव्हती. अबू नासिर म्हणायचा, "इथे सगळं मिळतं. फक्त दमायला मिळत नाही."

त्याचं गाव जॉर्डनमधलं, सॉल्ट. तीन डोंगरांच्या उतारावर पिवळ्या दगडाची घरं, एकाच्या छपरावर दुसऱ्याचं अंगण, मधून नुसत्या पायऱ्या. "आमच्याकडे घर चढून मिळवावं लागतं," हे त्याचं पालुपद. सून लिफ्टचं बटण दाबून धरायची, तेव्हा तो तिलाही हेच ऐकवायचा. त्याचं हृदय निम्मं कामातून गेलेलं होतं. डॉक्टरांनी कॉफी बंद केली होती, मीठ बंद केलं होतं, जिना बंद केला होता. कॉफी आणि मीठ त्याने सोडलं.

वर्षभराने एके दिवशी तो म्हणाला, "अबू महेश, तू माझ्या गावाला चल. तुला जेवण घालतो, गाव दाखवतो."

मी म्हटलं, "मला काय करायचंय गाव बघून? दगड मी पुष्कळ पाहिले."

"तू काही बघू नकोस. तू बरोबर असलास तर नासिर मला सोडेल."

मग त्याने खरं सांगितलं. त्याच्या मोठ्या भावाचा मुलगा खलील. त्याला आपली मुलगी द्यायचा शब्द अबू नासिरने मुलं लहान असतानाच दिला होता. मुलगी मोठी झाली, शिकली आणि नाही म्हणाली. अबू नासिर तिच्या बाजूने उभा राहिला. गावात आमंत्रणं गेली होती. त्या दिवसापासून भाऊ बोलायचा बंद झाला, त्याला बावीस वर्षं झाली. पुढे अबू नासिरची बायको वारली, तिला घराण्याच्या कबरस्तानात जागा मिळाली, कारण तिच्यावर राग नव्हता. पण भाऊ घरातला कर्ता. तो चारचौघांत बोलून गेला होता, "हा आमच्यात पुरला जाणार नाही."

"मला तिच्याशेजारी जायचंय," अबू नासिर म्हणाला. "ते त्याच्या तोंडून ऐकायचं आहे. फोनवर नाही. नासिरला कळलं तर तो म्हणेल, इथेही जागा आहे, काळजी करू नका. इथे आहेच जागा. पण तिथे ती आहे."

मी विचारलं, "शब्द मोडल्याचा पस्तावा होतो?"

"शब्द माझा होता. आयुष्य तिचं." एवढंच.

मग त्याने मला अट घातली. तिथे जे काही मागायचं ते तो मागेल. मी नुसतं शेजारी बसायचं आणि तोंड उघडायचं नाही. मी शब्द दिला. माझा शब्द म्हणजे काय ते आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळेच माझ्याशी कोणाचं फारसं पटत नाही.

नासिर ऐकेना. आमच्या घरी येऊन बसला, महेशशी इंग्रजीत बोलला, मग माझ्याकडे वळून अरबीत म्हणाला, "काका, अब्बांना चार दिवस जेवण घालायला आणि गाव दाखवायला तुम्हीच का हवे आहात?"

खरं कारण माझ्या ओठांवर आलं होतं. मी गिळलं. "मी खादाड आहे म्हणून."

"जसे नेताय तसे परत आणाल?"

"आणीन."

महेश वैतागला. "बाबा, उद्या तिकडे त्यांना काही झालं तर तुम्ही काय करणार आहात? तुमचा स्वतःचा गुडघा चालत नाही." नात म्हणाली, "आजोबा, दॅट प्लेस ऑल स्टेअर्स, कॅनॉट लाह." सुनेने मात्र गुडघ्याचा पट्टा, गोळ्या आणि गोडा मसाल्याची पुडी बॅगेत भरली. मसाला कशाला, ते मी विचारलं नाही. नासिरने मोठी यादी दिली. जुना बाजार, वस्तुसंग्रहालय, कुठल्या हॉटेलात काय खायचं, कुठे बसून दम घ्यायचा. आम्ही त्यातलं एकही ठिकाण पाहिलं नाही.

सॉल्टला पोचलो त्याच दिवशी दुपारी तो भावाकडे निघाला. घर अर्ध्या डोंगरावर. दोन्ही बाजूंना पिवळ्या भिंती आणि मधून पायऱ्या, आडव्यातिडव्या, झिजून मधे खोलगट झालेल्या. मी मोजत होतो. साठच्या पुढे मोजणं सोडलं, कारण त्याचे ओठ निळे पडायला लागले. म्हटलं, बस. तो बसला नाही. भिंतीला तळहात टेकून एक एक पायरी चढत राहिला. वाटेत एका दारातून एक बाई त्याच्याकडे बघून आत निघून गेली. आणखी वर गेल्यावर दोन म्हातारे बोलायचे थांबले. म्हणजे आम्ही पोचायच्या आधी बातमी पोचली होती.

बैठकीच्या खोलीत भिंतीला लागून गाद्या, सात-आठ पुरुष. मधोमध भाऊ, अबू खलील. तसाच दांडगा, फक्त दाढी पांढरी. अबू नासिरने सलाम केला. बाकीच्यांनी पुटपुटत उत्तर दिलं. भावाने माझ्याकडे बघून दिलं. "पाहुण्याचं स्वागत आहे." पाहुण्याचं, एकाचंच.

आम्ही शेजारी शेजारी बसलो. पाण्याचं तबक आलं. मला दिलं, पलीकडच्याला दिलं, सगळ्यांना दिलं. अबू नासिरसमोर न थांबता तबक आत गेलं. इतके जिने चढून आलेला माणूस, त्याच्या श्वासाची शिट्टी त्या खोलीत सगळ्यांना ऐकू येत होती.

मग पन्नाशीकडे झुकलेला एक माणूस डाव्या हातात कॉफीची किटली आणि उजव्या हातात बिनकानाचे इवले कप घेऊन आला. अबू नासिर हळूच म्हणाला, "खलील." ज्याला मुलगी मिळाली नाही तो हा. पाहुणा म्हणून त्याने पहिला कप मला दिला. तळाशी घोटभर कॉफी, वेलदोड्याचा वास.

मी कप घेतला आणि समोरच्या चौरंगावर ठेवला.

मनात काही नव्हतं. आमच्याकडे पंगतीत शेवटच्या पानावर वाढून होईपर्यंत पहिल्या पानाने भाताला हात लावायचा नसतो. लहानपणी लावला म्हणून बापाने माझ्या हातावर पळी मारली होती. तेव्हापासून सगळ्यांना मिळेपर्यंत मी थांबतो. कुवेतमध्ये मजुरांच्या खोलीतच राहिलो, कोणा अरबाच्या बैठकीत कधी बसलो नाही. मला काय माहीत?

खलील किटली घेऊन होता तिथेच उभा राहिला. भाऊ पुढे सरकून बसला आणि मला म्हणाला, "मागणं सांग."

मी अबू नासिरकडे बघितलं. त्याचा चेहरा पांढराफटक. दातातल्या दातात म्हणाला, "काय केलंस हे? पाहुण्याने कॉफी खाली ठेवली म्हणजे त्याला काहीतरी मागायचं असतं. ते मिळेपर्यंत तो पीत नाही. कप उचल आणि पिऊन टाक."

भाऊ म्हणाला, "सांग. माझ्या घरात पाहुण्याची कॉफी गार झालेली नाही आजवर."

कप उचलला असता तर माझा शब्द राहिला असता. हात पुढे गेलाही. पण शेजारी ती श्वासाची शिट्टी चालली होती, आणि त्याच्यासमोर न थांबता गेलेलं पाण्याचं तबक मी विसरलो नव्हतो. मी आयुष्यात दिलेला शब्द कधी मोडलेला नव्हता. त्या दिवशी मोडला. माझ्या मुकादमी अरबीत जेवढं जमलं तेवढं बोललो, "आधी याला दे. मग मी पितो."

भावाने माझ्याकडे बघितलं नाही. भिंतीकडे बघत बसला. कोपऱ्यातला एक म्हातारा खाकरला, त्याच्याकडे त्याने असं बघितलं की खोकला तिथेच थांबला. कॉफीची वाफ विरली एवढं मी पाहिलं.

शेवटी भाऊ म्हणाला, "खलील, अपमान तुझा झाला होता. हात तुझा आहे."

खलील म्हणाला, "मला तीन मुलं आहेत, अब्बा. थोरला कॉलेजात जातो. माझं मी कधीच विसरलो. तुमचंच राहिलं होतं."

त्याने कप भरला आणि वाकून अबू नासिरच्या हातात दिला. "घ्या, काका."

मला वाटलं, झालं, सुटलो. मी माझा कप उचलायला वाकलो, तेवढ्यात अबू नासिरने आपला कप माझ्या कपाशेजारी ठेवून दिला. दोन थेंब चौरंगावर सांडले.

"आता मीही पाहुणा आहे," तो म्हणाला.

कोणीतरी हसू दाबलं. भाऊ हसला नाही. "माग."

"उम्म नासिरच्या शेजारची जागा."

भाऊ उठला. मला वाटलं निघून चालला. तो दोन पावलं चालून आमच्यासमोर येऊन उभा राहिला, आणि माझ्यापेक्षा वयाने मोठा असलेल्या त्या माणसाचा आवाज फाटला. "बावीस वर्षं झाली तू या घरात तोंड दाखवलं नाहीस. ती गेली त्यानंतर ती जागा दोघांनी मागितली, गाढवा. दोघांनी. मी दिली नाही. आता पी, गार झाली."

आम्ही प्यायलो. कडू आणि गार, त्याहून वाईट कॉफी मी प्यायलेलो नाही.

मग जेवण आलं. घमेल्याएवढ्या परातीत भात, त्यावर बकऱ्याचं मटण, आणि वरून वाळवलेल्या दह्याचा गरम आंबट रस, आपल्या कढीच्या जवळचा. परातीभोवती उभं राहून उजव्या हाताने खायचं. हाताने खायचं मला कोणी शिकवायला नको होतं. दोघे भाऊ एकाच परातीवर समोरासमोर उभे. भाऊ मऊ तुकडे बोटांनी सोडवून त्याच्या बाजूला सरकवत होता, आणि अबू नासिर मीठ बंद असलेला माणूस ते निमूट खात होता. मला नासिरला दिलेला शब्द आठवला, तरी मी त्याचा हात धरला नाही.

पुढचं सांगून टाकतो. जसा नेला तसा मी त्याला परत आणला. त्यानंतर आठ महिने तो माझ्यासोबत बाकावर बसला, आणि एका दुपारी इथल्याच हॉस्पिटलमध्ये वारला. नासिर त्याला गावी घेऊन गेला. कागद, शिक्के, परवानग्या, सगळी धावपळ झाली, पण तिकडून कोणी नाही म्हणालं नाही. महेशने मला जाऊ दिलं नाही, आणि मीही हट्ट केला नाही. खलीलने फोन केला, म्हणाला, कबरीत उतरून अब्बांनीच त्याला ठेवला, दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही.

पण तो आठवला की मला आठवते त्या कॉफीच्या दुसऱ्या दिवसाची सकाळ. भाऊ कुदळ खांद्यावर टाकून स्वतः आम्हाला घ्यायला आला. कबरस्तान गावाच्या वरच्या अंगाला. उम्म नासिरची कबर स्वच्छ होती, शेजारच्या जागेवर काटेरी गवत माजलेलं, आणि कडेचे दगड पावसाने उताराकडे घसरलेले. भावाने गवत काढलं. मी पट्टा घट्ट केला, गुडघा टेकला आणि एक एक दगड परत ओळीत बसवायला लागलो, खाली बारीक चिपा घालून, हलणार नाही असा. अबू नासिर बाजूच्या खडकावर बसून बघत होता.

"अबू महेश," तो म्हणाला, "जरा मोठी ठेव. मी पाय पसरून झोपतो."

भाऊ कुदळीवर रेलून म्हणाला, "खरं आहे. लहानपणी याच्यामुळे मला अंथरुणात जागा नसायची."

माझ्याजवळ मापाची दोरी नव्हती. मी उठून पावलांनी पुन्हा मोजलं, आणि शेवटचा दगड उचलून एक वीत खाली सरकवला.