गुरुवारचा बाजार

“या मावशींचा मेसेज रद्द का झाला?” दूध संघाच्या डॉक्टरांनी आपला मोबाईल माझ्यापुढे धरला.

मी लॅपटॉपवर लॉग उघडला. लॉग म्हणजे सॉफ्टवेअरने कधी काय केलं याची त्यानेच ठेवलेली नोंद. नोंद अगदी स्वच्छ होती. मेसेज शुक्रवारी सकाळी सहाला आला, गाय माजावर आली बुधवारी संध्याकाळी, वेळ निघून गेली, विनंती रद्द.

“बरोबर आहे की,” मी म्हणालो.

“बरोबर नाही. गाय गुरुवारी संध्याकाळी माजावर आली. मी आत्ता त्यांच्या गोठ्यातूनच येतोय. आज शनिवार, आता काही उपयोग नाही.”

मी नगरमध्ये छोटी सॉफ्टवेअर कंपनी चालवतो. कर्जत तालुक्यातल्या या संघासाठी आम्ही एक सोय केली होती. शेतकऱ्याने मोबाईलवर बोलून निरोप ठेवायचा, प्रोग्रामने त्यातून तारीख आणि वेळ काढायची आणि डॉक्टरांची फेरी लावायची. तारीख काढणाऱ्या भागाला डेट पार्सर म्हणतात. माणूस ‘काल दिवस मावळताना’ म्हणतो. कॉम्प्युटरला तारीख, तास, मिनिट लागतं. मधलं काम पार्सरचं.

गायीच्या बाबतीत हे काम फार घाईचं असतं. संध्याकाळी माज दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी कृत्रिम रेतन करायचं, सकाळी दिसला तर त्याच संध्याकाळी. ती वेळ हुकली की पुढच्या माजाची वाट बघायची, म्हणजे साधारण एकवीस दिवस.

मी मावशींचा आवाज लावला. “बाजार करून आले तवा सांजच्याला गाय माजावर दिसली. डाक्टरला लवकर धाडा.”

इथेच माझी सगळी हुशारी होती. तयार मिळणाऱ्या पार्सरला आठवडे बाजार कळत नाही. मी तो शिकवला होता. ग्रामपंचायतींना फोन करून कोणत्या गावचा बाजार कोणत्या वारी भरतो याचा तक्ता केला होता. मावशींच्या गावचा बाजार बुधवारचा. पार्सरने तक्त्यात बघितलं आणि बुधवार धरला.

पण मावशी राहतात वस्तीवर. कागदोपत्री वस्ती त्या गावची, पण मध्ये ओढा आडवा. त्यामुळे वस्तीवरची सगळी माणसं वर्षानुवर्षं पलीकडच्या गावच्या बाजाराला जातात. तो भरतो गुरुवारी.

हे मला कुणी सांगितलं नव्हतं असं म्हणायची सोय नाही. संघाच्या ऑफिसात पूर्वी दत्तूमामा फोन घ्यायचे आणि वहीत डॉक्टरांच्या फेऱ्या लिहायचे. डेमोच्या दिवशी ते मागच्या खुर्चीवरून म्हणाले होते, “सायेब, वस्तीवरची लोकं कंच्या बाजारला जात्यात ते बी इचारून घ्या. समदी काय आपल्याच गावात जात न्हाईत.”

“मामा, ते व्हर्जन टूमध्ये घेऊ,” मी म्हणालो. संघाचे मॅनेजर हसले, मीही हसलो. व्हर्जन टू म्हणजे आमच्या धंद्यात जे करायचं नाही ते ठेवायची जागा. आणि वेळ निघून गेलेले मेसेज परस्पर रद्द करायची कल्पनाही माझीच. डॉक्टरांच्या फुकट फेऱ्या वाचतील, असं मी मॅनेजरांना पटवलं होतं.

त्या शुक्रवारी सकाळी डॉक्टर त्याच वस्तीवर दोन घरं पलीकडे आले होते. मावशींनी त्यांची मोटारसायकल जाताना बघितली. हाक का मारली नाही, असं मी रविवारी त्यांच्या दारात उभं राहून विचारलं. चूक माझी आणि विचारत होतो त्यांना.

“मोबाईलवर आलं ना, येळ गेली म्हनून,” मावशी म्हणाल्या. “तुमच्या मशीनला जास्त कळत आसंल म्हनून गप बसले.”

गाय आधी दोनदा उलटली होती, म्हणजे रेतन करूनही गाभण राहिली नव्हती. मुलाने बजावलं होतं, ही शेवटची खेप, नाहीतर व्यापाऱ्याला द्यायची. या गायीची आई ती वासरू असतानाच मेली. मावशींनी तिला बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं. आम्ही बोलत होतो तर ती मावशींचा पदर तोंडात धरून उभी होती.

मी मुलाला म्हणालो, “चूक आमची झाली. अजून एकवीस दिवस थांबा. डॉक्टरांना घेऊन मी स्वतः येतो.”

“साहेब, असं करता करता वरीस गेलं,” तो म्हणाला. तो चिडला असता तर मला बरं वाटलं असतं. तो नुसता दमलेला होता.

पुढच्या गुरुवारी गाय व्यापाऱ्याकडे गेली. दत्तूमामांनी फोन करून सांगितलं आणि लगेच ठेवला. मला फार वाईट वाटलं, आणि ते कुणाला सांगावं हेही कळेना. आमच्या कामात चूक झाली की तिला बग म्हणतात आणि दुरुस्त केला की तो संपतो. हा संपला नाही.

दुरुस्ती तशी छोटी होती. पार्सरला आता कुठलीही विनंती रद्द करता येत नाही. शंका आली की तो निरोप दत्तूमामांकडे पाठवतो आणि मामा फोन करून विचारतात, “कंचा बाजार?” मी मावशींच्या नोंदीतला बुधवार काढून हाताने गुरुवार केला. नोंद तरी खरी असावी म्हणून.

प्रोग्रामला ‘नाही’ म्हणायचा अधिकार देण्याआधी विचारायला शिकवावं, एवढा धडा मी घेतला. तो स्वस्तात मिळाला, कारण गाय माझी नव्हती.

त्यानंतर एका सकाळी मावशींचा फोन आला.

“दादा, गाय इकली हाय, तेवढं त्या मशीनला सांगा. आज मेसेज आला, तुमची गाय माजावर यील, ध्यान ठिवा म्हनून. मी उठून गोठ्यात गेल्ते.”

ही आठवण करून द्यायची सोयही मीच केलेली होती. मी त्यांचं नाव यादीतून काढलं. काढण्याआधी तारीख तपासली. एकवीस दिवस बरोबर गुरुवारपासून मोजले होते.