साडूच्या गच्चीवरचं ऊन

माझा साडू निफाडला राहतो आणि मला तो आवडत नाही. माणूस वाईट नाही. वाईट असता तर बरं झालं असतं, मला कारण तरी मिळालं असतं. द्राक्षाची बाग आहे, घर आहे, घरावर ऐसपैस गच्ची आहे आणि त्या गच्चीवर गेल्या हिवाळ्यापासून सोलरची पॅनेलं आहेत. मी नाशिकजवळच्या एका औष्णिक वीज केंद्रात बॉयलरवर नोकरी करतो. कोळसा जाळून वीज करायची, हेच माझं आयुष्यभराचं काम. साडूकडे जेवायला बसलं की तो डोक्यावरच्या पंख्याकडे बोट दाखवतो. "साडूभाऊ, ही हवा घरची हाय बरं का. तुमच्याकडची नाय." सगळे हसतात. मीही हसतो, पण घास गोड लागत नाही.

बायको म्हणते, तुम्ही दिवसभर कोळसा जाळता आणि घरी येऊन स्वतः जळता. तिचं काय जातं बोलायला? तिला ठाऊक नाही, भर दुपारी कंट्रोल रूममध्ये बसून कसं वाटतं ते. पूर्वी उन्हाळ्याच्या दुपारी आमचा काय रुबाब असायचा! सगळं राज्य पंखे-कूलर लावून पडलेलं आणि आम्हाला वरून एकच सांगणं, वाढवा, अजून वाढवा. आता उन्हं डोक्यावर आली की फोन येतो, लोड उतरवा, सोलर आलंय. लग्नात मानाचे पाहुणे आले की घरच्या माणसाला खुर्चीवरून उठवतात, तसं. आणि सूर्य मावळतीला लागला की तोच आवाज घाईघाईनं सांगतो, चढवा, लवकर चढवा. बॉयलर म्हणजे काही घरातली गॅसची शेगडी नव्हे. एवढं लोखंड तापायला वेळ लागतो, निवायला वेळ लागतो, आणि रोजच्या या चढउतारानं त्याच्या नळ्या थकतात. पण हे कुणाला सांगणार? पॅनेल बसवलेल्या माणसाचं कौतुक होतं. रात्री त्याच्या घरात दिवा लावणाऱ्याचं होत नाही.

तरीही पॅनेलांपुरतं असतं तर मी गिळलं असतं. खरा प्रश्न माझ्या मुलीचा होता. ती इलेक्ट्रिकलच्या शेवटच्या वर्षाला होती. आमच्या केंद्रात शिकाऊ इंजिनिअरांची भरती निघाली होती आणि तिनं तिथं यावं अशी माझी फार इच्छा होती. माझ्या हाताखाली नाही, पण माझ्या चिमणीखाली. दुसरीकडून सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका सोलर कंपनीनं तिला नोकरीला बोलावलं होतं. या सोलरचं खूळ तिच्या डोक्यात साडूच्या गच्चीवरच शिरलं, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. पॅनेलं बसत होती तेव्हा ही सुट्टीत तिथंच होती आणि तारा ओढण्यापासून सगळं बघत होती. "काय ठरवलंस?" असं विचारलं की म्हणायची, "निफाडहून आल्यावर सांगते, बाबा." मला त्यातला निफाड हा शब्द टोचायचा.

निफाडला जाणं ठरलेलं असतं ते वाळवणासाठी. आमच्या कॉलनीत वाळवण घालायची सोय नाही. वारा फिरला की गच्चीवर राखेची बारीक पूड बसते, मग कुरडई तळली की दाताखाली कचकच. त्यामुळे दर उन्हाळ्यात बायको गहू भिजवते ते बहिणीच्या घरी. यंदा सासूबाईही सिन्नरहून आल्या होत्या आणि त्यांनी गहू आधीच भिजवून ठेवले होते. मी आणि मुलगी दोन दिवस राहून परतणार होतो, बायको मागे थांबणार होती.

दुसऱ्या दिवशीही पहाटेपासून चीक शिजवणं, सोऱ्या फिरवणं सुरू होतं. मी आणि साडू ओसरीवर चहा घेत बसलो होतो. साडू मोबाइलवर वीज किती होतेय ते बघत होता. त्याला ती सवयच लागली आहे, माणसं क्रिकेटचा स्कोअर बघतात तशी. दुपार चढत होती, आकाश लख्ख होतं, आणि साडूचा चेहरा उतरत चालला.

"आयला, ऊन तर कडक पडलंय, आन वीज निम्मी बी नाय."

मला जे वाटलं त्याला आनंदच म्हणायला हवं. मी मांडी सावरून बसलो. मुलगी समोरच होती, त्यामुळे आवाजही जरा चढवला. म्हणालो, हे असंच असतं. ढग आला की बंद, धूळ बसली की बंद, रात्री तर विचारायलाच नको. आमच्या कोळशाला नावं ठेवतात. ठेवा. धूर आहे, राख आहे, मी नाही म्हणत नाही. पण कोळशाच्या वाघिणी येऊन उभ्या राहिल्या की बॉयलर कुणाच्या मर्जीची वाट बघत बसत नाही. भरवशाची वीज ती भरवशाची. साडू मान हलवत ऐकत होता. तो ऐकतो, हीच पंचाईत आहे. वाद घातला असता तर मला आणखी बोलता आलं असतं.

मुलगी उठली आणि जिन्यानं वर गेली. थोड्या वेळानं तिचं हसणं ऐकू आलं. आम्ही वर गेलो.

पॅनेलांच्या सावलीनं गच्चीचा बराच भाग खाल्ला होता. उरलेल्या उन्हात आजच्या ओल्या कुरडया मांडून झाल्या होत्या. कालच्या अर्धवट वाळलेल्या, उलटून घालायच्या, त्यांना जागाच नव्हती. मग सासूबाईंनी कमरेइतक्या उंचीवरच्या पॅनेलांच्या दोन्ही ओळींवर जुनी लुगडी अंथरली होती आणि पार या टोकापासून त्या टोकापर्यंत कुरडया लावून दिल्या होत्या. वाऱ्यानं उडू नयेत म्हणून कडेला विटांचे तुकडेही ठेवले होते. आम्हा सगळ्यांना एकदम आलेलं बघून त्या म्हणाल्या, "काय झालं? हे ऊन धरायलाच बसवलंय ना? मंग ऊन इथंच लय आसंल. बघा कश्या कडक झाल्यात."

मी साडूकडे बघितलं. आता चिडेल, निदान कपाळाला आठी घालेल. महागाची वस्तू, तिच्यावर विटांचे तुकडे! मी त्याच्या जागी असतो तर माझ्या अंगाचा तिळपापड झाला असता. तो मटकन खाली बसला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला.

"आसू द्या, आई," तो म्हणाला. "वीज काय, उद्या बी व्हईल. कुरडईला आजचंच ऊन पायजे." मग मुलीकडे वळून, "काय गं, काय करायचं? तू सांग."

तिनं सांगितलं. सगळ्या कुरडया दाटीनं एकाच ओळीवर घ्यायच्या, म्हणजे दुसरी ओळ मोकळी होईल आणि तिची वीज सुरू राहील. विटा तेवढ्या काढायच्या, काचेला चरे पडतील. साडूनं निमूट विटा उचलल्या. ती लुगड्याचं एक टोक धरायची, तो दुसरं धरायचा, आणि सासूबाई मध्ये उभ्या राहून "हळू, मोडतीन" म्हणून दोघांना दटावायच्या. मी जिन्याच्या तोंडाशी उभा होतो. मला कुणी टोक धरायला बोलावलं नाही आणि मी गेलो नाही. तिच्या लहानपणापासून मी तिला वीज शिकवत आलो. "तू सांग" असं मात्र मी तिला कधी म्हटल्याचं आठवेना. त्या क्षणी मला साडूचा इतका हेवा वाटला की तोंड कडू झालं.

संध्याकाळी आम्ही दोघं गाडीनं निघालो. चांदोरी मागे पडली तेव्हा ती म्हणाली, "बाबा, मी सिन्नरला जाणार."

"काकांनी भरवलं ना डोक्यात?"

"काका काय भरवणार? त्यांना इन्व्हर्टर कुठे बसवलाय तेसुद्धा मावशीला विचारावं लागतं."

मला हसू आलं, ते मी दाबलं. "मग आमच्यात काय वाईट आहे? रात्री तुझं सोलर काय करतं, सांग."

"वाईट कोण म्हणतंय? रात्री तुम्हीच लागता. बॅटऱ्या पुरेशा होईपर्यंत अजून बरीच वर्षं लागाल. पण बाबा, तुमच्याकडे नवा बॉयलर उभा करायचं कुणी शेवटचं कधी बोललं?"

मी गिअर बदलला. बदलायची गरज नव्हती.

"तुम्ही नोकरीला लागलात तेव्हा तिथं नवीन संच पेटवला होता," ती म्हणाली. "सगळे टाळ्या वाजवत होते, साहेब लोकांनी स्वतःच्या हातानं पेढे वाटले, तुम्हाला दोन दिवस झोप आली नव्हती. तुम्हीच सांगता ना? मलाही काहीतरी सुरू होताना बघायचंय. तुमच्याकडे आले तर मला फक्त बंद होताना बघायला मिळेल."

कोळशाच्या बाजूनं मी साडूशी तासभर भांडलो असतो, पण ती कोळशाला काही बोललीच नव्हती. मी एवढंच म्हणालो, "सिन्नरच्या बसला गर्दी असते. सकाळी लवकर निघत जा." तिनं माझ्या खांद्यावर डोकं टेकवलं आणि नाशिकरोड येईपर्यंत काय काय शिकायचंय ते सांगत राहिली, न थांबता, एकातून दुसरं काढत. मी त्या वयात असाच बोलायचो. तिचं सगळं अजून सुरू व्हायचं होतं. साडूची बाग, गच्ची, पॅनेलं, त्याचं ते हसणं, यातलं काही तेव्हा मला नको होतं. बापाला पोरीचा हेवा वाटू नये म्हणतात. मला वाटला, आणि साडूच्या हेव्यापेक्षा तो कितीतरी जास्त झोंबला.